नोकरी सोडून तबल्यावर जगता येईल का : सोलापुरातल्या एका तरुण साथीदाराला उत्तर

तुमचा प्रश्न मी नीट वाचला. तुमचे वय २४ आहे, अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्यात तुम्ही हिशेबाचे काम करता, तबल्याची विशारद परीक्षा पूर्ण केली आहे, आणि सुटीच्या दिवशी भजनी मंडळांना व सुगम संगीताच्या कार्यक्रमांना साथ करता. अलीकडे सोलापुरात झालेल्या एका कार्यक्रमानंतर पुण्याच्या एका गायिकेने तुम्हाला पुण्यात येऊन साथ कराल का, असे विचारले. तेव्हापासून नोकरी सोडून पुण्याला जावे असे तुमच्या मनाने घेतले आहे, आईचा मात्र ठाम विरोध आहे. शिवाय आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्याला साथच करत राहिलो तर आपले स्वतःचे असे काही निर्माण होईल का, ही शंकाही तुम्ही शेवटी मांडली आहे. मी सोलापुरात राहून तबल्याची साथ आणि शिकवणी यांवरच घर चालवत आलो आहे, त्यामुळे या प्रश्नाच्या बहुतेक बाजू मला जवळून ठाऊक आहेत.

तुमच्या लिहिण्यात सर्वांत जास्त काळजी प्रतिभेची दिसते, पण तुमची खरी अडचण तिथे नाही असे मला वाटते. ज्या अर्थी भजनी मंडळे तुम्हाला पुन्हा पुन्हा बोलावतात आणि परगावच्या गायिकेने आपणहून विचारणा केली, त्या अर्थी हात बरा आहे आणि बैठकीत तुमच्यावर विसंबता येते, एवढे धरून चालायला हरकत नाही. मिळकत, पुढचे शिक्षण आणि स्वतःची निर्मिती हे तिन्ही प्रश्न पुण्याला जाण्याच्या एकाच निर्णयाने सुटतील अशी तुमची अपेक्षा आहे, आणि अडचण त्या अपेक्षेत आहे. या तिन्हींचा वेग सारखा नसतो. साथीची मिळकत दोन-तीन वर्षांत बऱ्यापैकी मार्गी लागू शकते. शिक्षणाला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. आणि वादनात स्वतःचे म्हणावे असे काही कधी उतरेल, याचा अंदाज गुरूलाही आधी बांधता येत नाही. म्हणून मी या प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी देतो.

त्याआधी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे मान्य केले पाहिजे. तुमचे घर स्वतःचे आहे की भाड्याचे, घरात दुसरे कोणी मिळवते आहे का, डोक्यावर कर्ज आहे का, धाकट्या भावंडांचे शिक्षण तुमच्या पगारावर चालले आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. पगार बंद झाल्यावर घरखर्च कसाबसा महिनाभर निघणार असेल, तर पुढे मी जे सांगणार आहे त्यातला नोकरीविषयीचा भाग तुम्ही दोन-तीन वर्षे लांबणीवर टाकावा. तसेच विशारदनंतर तुम्ही एखाद्या गुरूकडे नियमित शिकत आहात की परीक्षा संपली तशी तालीमही थांबली, यावरही पुष्कळ ठरते. विशारद ही पायाची परीक्षा आहे. तिच्यातून ताल, कायदे व रेले (तबल्याच्या ठरावीक बोलरचना) आणि लिपी यांची ओळख पक्की होते, पण समोरचा गायक समेच्या (तालाच्या पहिल्या मात्रेच्या) आधी कुठे वळण घेणार आहे हे ओळखण्याचा सराव परीक्षेच्या खोलीत मिळत नाही.

आता आपल्या गावाविषयी. सोलापुरात संगीताला वाव नाही, असे इथली तरुण मुले सहज म्हणून जातात. मला ते पटत नाही. मोठ्या शास्त्रीय मैफली इथे कमी होतात हे खरे आहे, आणि हुतात्मा स्मृती मंदिरातला एखादा कार्यक्रम सोडला तर श्रोते तिकीट काढून येतातच असेही नाही. पण वाजवणाऱ्याची गरज किती ठिकाणी पडते ते पाहा. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, अक्कलकोट आणि तुळजापूर तास-सव्वा तासाच्या अंतरावर. या तिन्ही क्षेत्रांमुळे अभंग, कीर्तन आणि भक्तिगीतांना वर्षभर मागणी असते. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची कन्नड वचने (छोट्या भक्तिपर रचना) आजही इथे भक्तिभावाने गायली जातात. पूर्व भागातल्या पद्मशाली समाजाची तेलुगू भजने आहेत, उर्साच्या कव्वाल्या आहेत, शाळा-महाविद्यालयांची स्नेहसंमेलने आहेत, आणि विजयपूर व कलबुर्गी ही कर्नाटकातली शहरे इथून पुण्यापेक्षा निम्म्याहून कमी अंतरावर आहेत. ज्या तबलजीला भजनी ठेक्यातली लग्गी (जलद, खेळती बोलरचना), वचनाचा संथ केरवा, कव्वालीची चढती लय आणि छोट्या ख्यालाचा त्रिताल अशी चारही वळणे हातात ठेवता येतात, त्याला या पट्ट्यात काम कमी पडत नाही. पुण्या-मुंबईत वाढलेल्या साथीदाराला ही विविधता सहसा मिळत नाही. तुम्ही तिच्यात वाढला आहात, तिला कमी लेखू नका.

या मातीत कलावंताने एकाहून अधिक दारांत उभे राहणे नवे नाही. पेशवाईच्या अखेरच्या काळातले शाहीर राम जोशी सोलापूरचेच. ते तमाशाच्या फडातही रमले आणि कीर्तनालाही उभे राहिले, आणि त्यांच्या रचनेत दोन्हीकडचे संस्कार दिसतात. सनईच्या जातीचे पण तिच्याहून लहान असलेले सुंदरी हे वाद्य सोलापूरच्या जाधव घराण्याने वाढवले आणि ते मंगलवाद्यापुरते न ठेवता रागसंगीताच्या मंचावर नेले. तबल्यातले उदाहरण हवे असेल तर उस्ताद अहमदजान थिरकवा यांचे घ्या. ज्यांच्या एकल वादनाकडे पुढच्या पिढ्या आदर्श म्हणून पाहतात, ते थिरकवा काही वर्षे बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबला वाजवत होते. नाट्यपदाला साथ केल्याने त्यांच्या कायद्यांना बाधा आली नाही. उलट पदाची लांबी, शब्दांचे वजन आणि प्रेक्षकांचा श्वास सांभाळून नेमके तेवढेच वाजवण्याची सवय त्या कामात लागते, असे मला स्वतःच्या साथीवरून वाटते.

मिळकतीचे बोलायचे तर या व्यवसायाला ऋतू आहेत, आणि ते समजल्याशिवाय नोकरी सोडणे धोक्याचे आहे. आषाढी, श्रावण, गणेशोत्सव, नवरात्र आणि दिवाळीची पहाट या काळात एकाच दिवशी दोन-दोन ठिकाणी बोलावणे येते. मध्ये पितृपक्ष कोरडा जातो. पुढे लग्नसराई आणि जानेवारीतली सिद्धेश्वरांची यात्रा यांत कामे मिळतात, आणि उन्हाळा वाढला की पुन्हा मंदावतात. भरल्या महिन्यातली बिदागी (मानधन) पाहून वर्षाचा हिशेब करणारा माणूस हमखास अडचणीत येतो. २०२० च्या मार्चनंतर तर सगळेच महिने कोरडे गेले. माझ्या ओळखीच्या काही चांगल्या वादकांनी तेव्हा वाद्ये विकली, काहींनी रिक्षा चालवली, आणि त्यातले सगळे परत बैठकीत आले नाहीत. त्या काळात जे टिकले त्यांच्याजवळ एक तर वर्षभराची शिल्लक होती किंवा शिकवणीसारखा दुसरा आधार होता. म्हणून नोकरी सोडण्याआधी निदान एका वर्षाचा घरखर्च बाजूला असावा असे मी प्रत्येकाला सांगतो. तुम्ही हिशेबाच्या कामातले आहात, तुम्हाला हे मांडून पाहणे अवघड नाही. येत्या वर्षभरात आलेले प्रत्येक बोलावणे एका वहीत लिहा : कोणी बोलावले, काय ठरले, प्रत्यक्षात काय मिळाले, प्रवासाला किती गेले, आणि त्याच माणसाने पुन्हा बोलावले का. या शेवटच्या रकान्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. पहिले बोलावणे ओळखीने किंवा कोणी दुसरा आला नाही म्हणून मिळू शकते, दुसरे मात्र तुमच्या वागण्या-वाजवण्यामुळेच मिळते, आणि साथीदाराचा संसार अशा दुसऱ्या-तिसऱ्या बोलावण्यांवर चालतो.

बिदागीविषयी संकोच करू नका. तारीख स्वीकारतानाच रक्कम, प्रवासखर्च आणि मुक्कामाची सोय ठरवून घ्यावी आणि ते दोन ओळींत लिहून समोरच्याला पाठवावे. त्यात उद्धटपणा मुळीच नाही. परगावच्या एका आयोजकाने कार्यक्रमानंतर ‘नंतर पाहू’ म्हणून साथीदारांना परत पाठवल्याचा अनुभव मी घेतला आहे, आणि त्या वेळी लेखी काहीच नसल्याने कोणालाही काही बोलता आले नाही. ध्वनिमुद्रणाच्या कामात तर लेखी ठरणे अधिकच गरजेचे आहे. कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताला त्याच्या सादरीकरणावर हक्क मिळाला आणि २०१२ च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापरातल्या स्वामित्वधनाचाही विचार झाला, पण कोणत्या कागदावर आपण सही करतो आहोत हे न वाचणाऱ्याला त्या हक्काचा उपयोग होत नाही.

नोकरी सोडावी का, या प्रश्नावर लोक लगेच थोर कलावंतांची उदाहरणे देतात, आणि ती अर्धीच देतात. पंडित भीमसेन जोशी यांनी १९३३ मध्ये, अकरा वर्षांचे असताना, गाण्यासाठी घर सोडले, हे सर्वांना माहीत असते. त्यापुढचा भाग असा आहे की ते ग्वाल्हेर, जालंधर असे भटकून परत आले आणि १९३६ पासून कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या घरी राहिले. तिथे त्यांनी घरची कामे केली, पाणी भरले आणि मोजक्या रागांची तालीम घेतली. घर सोडल्याने ते मोठे झाले असे म्हणण्यापेक्षा एका गुरूजवळ टिकून राहिल्याने मोठे झाले असे म्हणणे मला योग्य वाटते. दुसरे उदाहरण तुमच्या परिस्थितीला अधिक जवळचे आहे. डॉ. वसंतराव देशपांडे यांनी दोन दशकांहून अधिक काळ लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी केली. नोकरीच्या त्या वर्षांत ते शिकत होते, ऐकत होते, गात होते. ज्या ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकाने त्यांचे गाणे घराघरांत पोहोचवले, ते डिसेंबर १९६७ मध्ये रंगभूमीवर आले तेव्हा त्यांनी वयाची पंचेचाळिशी ओलांडली होती. हिशेबाच्या नोकरीत राहिलेला माणूस गायक म्हणून संपत नाही, याचा याहून स्पष्ट दाखला मला ठाऊक नाही. अर्थात नोकरी करत राहणे हाच सर्वांसाठी योग्य मार्ग आहे, असाही त्याचा अर्थ काढू नये. त्यांना बदल्या आणि अपुरा वेळ यांचा त्रास सोसावा लागला, आणि शेवटी पूर्णवेळ गाण्यासाठी त्यांनी नोकरी सोडलीच.

तुमच्या बाबतीत मला तिसरा पर्याय दिसतो, आणि तुम्ही त्याचा विचार केलेला दिसत नाही. कारखान्यातली तुमची पूर्णवेळ नोकरी सकाळी निघून संध्याकाळी परतण्याची आहे, त्यामुळे रियाजाची सकाळ आणि कार्यक्रमाची संध्याकाळ दोन्ही अडतात. पण हिशेबाचे काम हे अशा थोड्या कामांपैकी आहे जे अर्धवेळ विकता येते. चाटी गल्लीतले कापडाचे व्यापारी, छोटे यंत्रमागधारक, किराणा दुकानदार यांना वस्तू व सेवा कराची विवरणे आणि रोजच्या नोंदी यांसाठी आठवड्यातून दोन-तीन दिवस येणारा माणूस हवा असतो. अशी तीन-चार कामे हाती आली तर पगाराचा बराचसा भाग भरून निघतो, दुपारचे तास त्यात जातात, आणि सकाळ-संध्याकाळ तुमच्या हातात राहते. माझ्या विद्यार्थ्यांत ज्यांनी असा मधला मार्ग घेतला, त्यांचा तबला पूर्णवेळ वादक होण्यासाठी धडपडणाऱ्यांपेक्षा अनेकदा शांतपणे वाढला, कारण पैशासाठी कुठलीही बैठक स्वीकारण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही.

पुण्याचे आकर्षण मला समजते आणि त्याला आधारही आहे. तिथे डिसेंबरातला सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव तर आहेच, पण खरा लाभ वर्षभर होणाऱ्या छोट्या बैठकांचा आहे. एका आठवड्यात तीन वेगवेगळ्या घराण्यांची गाणी समोर बसून ऐकायला मिळणे ही गोष्ट सोलापुरात राहून साधत नाही. बरोबरीचे वीस-पंचवीस तबलजी कसे वाजवतात हे दिसते, आणि आपण कुठे आहोत याचा खरा अंदाज येतो. शिकायचे असेल तर पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे, अनेक नामवंत गुरू आहेत. पण तेच वीस-पंचवीस तबलजी कामासाठीही तिथेच असतात. खोलीचे भाडे, शेजाऱ्यांना न खटकणारी रियाजाची जागा आणि ओळखी होईपर्यंतचा काळ हे सगळे पदरच्या पैशाने निभवावे लागते. म्हणून पुण्यात शिकायला जाणे आणि पुण्यात कमवायला जाणे या दोन गोष्टी मी वेगळ्या धरतो. पहिल्यासाठी तिथे राहायला जाण्याची गरज नसते. हुतात्मा एक्स्प्रेस सकाळी लवकर सोलापूर सोडते आणि संध्याकाळी पुण्याहून परत निघते. आठवड्यातून एकदा, निदान पंधरवड्यातून एकदा, गुरूकडे दुपारची तालीम घेऊन त्याच रात्री घरी परतता येते. आपल्या भागातल्या किती तरी शिष्यांनी अशीच विद्या घेतली आहे. वर्षभर असे करून पाहिल्यावर गुरूच जर म्हणाले की आता जवळ राहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, तर तो दिवस पुण्याला बिऱ्हाड करण्याचा. तुमच्या वयाचा विचार करता आणखी एक गोष्ट लगेच करा. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची १८ ते २५ वयोगटातल्या तरुण कलाकारांसाठी दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे, तिची चौकशी आताच केली पाहिजे. आकाशवाणीच्या स्वरपरीक्षेसाठीही (कलाकाराची श्रेणी ठरवणाऱ्या चाचणीसाठी) अर्ज करा. बी श्रेणी मिळाली तरी तिच्यातून येणारे पैसे थोडे असतात, पण दहा मिनिटे स्वच्छ वाजवण्यासाठी जी तयारी करावी लागते ती फार उपयोगी पडते.

शिकवणीविषयी थोडे सावध करतो. विद्यार्थी मिळणे सोलापुरात कठीण नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांमुळे पालकांना एक ठरलेली वाट दिसते आणि मुले टिकतात. मलाही शिकवणे मनापासून आवडते. पण रोज संध्याकाळी चार तास ‘धा धा ति ट’ बसवून घेणारा हात हळूहळू विद्यार्थ्यांच्या लयीत वाजवू लागतो, आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. यावर मला सापडलेला उपाय इतकाच की सकाळचा रियाज कशासाठीही मोडायचा नाही, रात्री उशिरा कार्यक्रमावरून परतलो असलो तरीही. त्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत असतो. आधी एकच कायदा बराच वेळ, बोल स्पष्ट राहतील एवढ्याच लयीत, मग विलंबित एकतालाचा नुसता ठेका. हा दुसरा भाग तरुणांना कंटाळवाणा वाटतो. अतिविलंबित एकतालाचे एक आवर्तन मिनिटभर चालू शकते, आणि त्या मिनिटात बारा मात्रांमधली मोकळी जागा तितकीच राखणे हे कोणत्याही चक्रदारापेक्षा (तीनदा फिरून समेवर येणाऱ्या रचनेपेक्षा) अवघड आहे. गायक साथीदाराची निवड करतो ती बहुतेक वेळा या एका गोष्टीवरून.

इथून तुमच्या शेवटच्या शंकेकडे येतो, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. साथ करणाऱ्याचे स्वतःचे काय उरते, असे तुम्ही विचारता. साथीत निर्मिती नसते असे मानले तरच हा प्रश्न पडतो. एकाच झपतालाचा ठेका दोन वादकांनी वाजवला तर गाणे दोन तऱ्हांनी उभे राहते, हे तुम्हीही अनुभवले असेल. डग्ग्याची घसीट (तळहात घासून काढलेला घुमणारा नाद) कुठे ठेवायची, किनारीवरचा ‘ना’ किती मोकळा ठेवायचा, अंतऱ्याला जाताना भराव भरायचा की जागा रिकामी सोडायची, हे सगळे निर्णय वादकाचे असतात आणि ते प्रत्येक वेळी नव्याने घ्यावे लागतात. ते चांगले घेता यावेत म्हणून मी साथीला बसण्याआधी बंदिशीचे किंवा अभंगाचे शब्द पाठ करतो. शब्द माहीत असले की कोणत्या अक्षरावर गायक रेंगाळेल ते कळते आणि हात आपोआप थांबतो. वचन गाणाऱ्यांबरोबर बसू लागल्यावर मी त्यांच्याकडून प्रत्येक वचनाचा अर्थ समजावून घेऊ लागलो, आणि केरव्याच्या माझ्या वजनात त्यानंतर जो फरक पडला तो कोणत्याही गुरूने वेगळा शिकवलेला नव्हता. तुमच्या हातात मराठी अभंग, कन्नड वचन आणि उर्दू कव्वाली यांची लय एकत्र आहे. यातून पुढे तुमचे स्वतःचे पलटे (कायद्याचे विस्तार), तुमची स्वतःची लग्गी निघेल. आजपासून आणखी एक वही ठेवा आणि बैठकीत सहज सुचलेले जे काही दुसऱ्या दिवशी आठवेल ते लिहून ठेवा. त्यातले बरेचसे गळून जाईल, थोडे राहील, आणि राहिलेले गुरूसमोर वाजवून दाखवायचे. कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयामुळे देवासला आले आणि काही वर्षे त्यांना गाणे बंद ठेवावे लागले. त्या सक्तीच्या विश्रांतीत कानावर पडलेली माळव्याची लोकगीते पुढे त्यांच्या रागविचाराचा भाग झाली. ज्या परिसरात आपण राहतो त्याचे ऐकणे ही कलावंताची मिळकतच असते, आणि त्यासाठी सोलापूर ही गरीब जागा नाही.

शरीराचेही सांगितले पाहिजे, कारण चोविसाव्या वर्षी कोणी त्याकडे पाहत नाही. आपल्याकडच्या उत्सवांत ध्वनिवर्धकांच्या भिंतीशेजारी बसून वाजवण्याचे प्रसंग येतात. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत कानांना सोसतो असे मानले जाते, आणि पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होत जाते. म्हणजे १०० डेसिबलला ती जेमतेम पंधरा मिनिटांवर येते. कानांत बोळे घालून वाजवण्याची सवय आताच लावून घ्या, आणि आपल्याकडे तोंड करून ठेवलेल्या ध्वनिवर्धकाचा आवाज कमी करायला सांगताना लाजू नका. एकदा गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, आणि तबला सुरात लावण्याचे काम कानांवरच चालते. मनगट किंवा बोटांचे सांधे दुखू लागले तर तेल चोळून वाजवत राहण्याऐवजी काही दिवस थांबावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

आईच्या विरोधाकडे अडथळा म्हणून पाहू नये, असे मला मनापासून वाटते. गिरण्या बंद पडताना या शहरातल्या किती घरांनी पगार थांबलेला पाहिला आहे, आणि त्या पिढीला महिन्याच्या ठरावीक तारखेला येणाऱ्या पैशाची किंमत आपल्यापेक्षा जास्त कळते. आईला तुमच्या लग्नाचीही काळजी असेल, आणि तबलजी म्हटल्यावर स्थळे मागे हटतात हे आजही पुष्कळदा घडते. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा वर सांगितलेली बोलावण्यांची वही सहा महिन्यांनी त्यांच्यापुढे ठेवा. एखाद्या चांगल्या बैठकीला त्यांना पहिल्या रांगेत नेऊन बसवा, शक्य असेल तर तुमच्या गुरूंशी त्यांची भेट घडवा. मुलगा जबाबदारीने पावले टाकतो आहे हे दिसले की बहुतेक आयांचे म्हणणे सौम्य होते, आणि नाही झाले तरी त्यांनी काढलेल्या शंकांपैकी निम्म्या तरी विचारात घेण्यासारख्या असतात.

तेव्हा तुमच्या मुख्य प्रश्नाला माझे उत्तर असे : आज पुण्याला बिऱ्हाड हलवू नका, पण आजची नोकरीही आहे तशी कायम धरून ठेवू नका. एका वर्षात शिल्लक जमवा, अर्धवेळ हिशेबाची कामे शोधा, पुण्यात किंवा जवळपास गुरू पक्का करा आणि मगच कारखान्याला राजीनामा द्या.

राहिली त्या गायिकेची विचारणा. तिला होकारच कळवा, कारण एका कार्यक्रमासाठी पुण्याला जाण्याने नोकरीचा प्रश्न येत नाही, सुटी पुरते. उत्तर देताना तिची पट्टी, म्हणजे पेटीवरच्या कोणत्या स्वराला षड्ज धरून ती गाते, ते विचारून घ्या. सोलापुरातल्या पुरुष भजनकारांबरोबर तुम्ही काळी एक किंवा पांढरी दोनचा तबला वापरत असाल, ती काळी चार-पाचला गात असेल तर त्या स्वराला लागणारा मोठ्या तोंडाचा तबला तुमच्याजवळ आहे का ते पाहा. नसेल तर उसना घ्या किंवा करवून घ्या, साथीचे काम वाढवायचे असेल तर तो तसाही लागणारच आहे. कोणते राग, कोणते ताल आणि मोठा ख्याल असेल तर तो कोणत्या लयीत, हे विचारण्यात कमीपणा मानू नका. तिची ध्वनिमुद्रणे मिळवून त्यांच्याबरोबर घरी नुसता ठेका वाजवत बसा. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच पुण्यात पोहोचा, म्हणजे तालमीला तासभर मिळेल आणि बदललेल्या हवेत तबल्याची पुडी उतरते की चढते तेही आधी कळेल. बिदागी आणि प्रवासखर्च तारीख ठरतानाच बोलून घ्या. कार्यक्रम झाल्यावर कसे वाजले असे न विचारता कोणत्या जागी अडचण आली एवढेच विचारा, आणि ती जे सांगेल ते परतीच्या गाडीत वहीत लिहून ठेवा.